‘पुअर बॉब’ कुठे गेला? ब्लूजच्या एका गाण्याची कव्हर्स ताडून ऐकण्याची रीत

तीनेक वर्षांपूर्वी मी वहीत मोठ्या ऐटीत लिहून ठेवलं होतं: ‘क्रीमनं रॉबर्ट जॉन्सनचं शेवटचं कडवं गाळलं, आणि गाण्यातला एकटेपणा तिथंच गेला.’ (जॉन्सन हा १९३० च्या दशकातला अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादक, ब्लूज म्हणजे तिथल्या काळ्या लोकांचं गाणं, आणि क्रीम हा साठच्या दशकातला इंग्लिश रॉक बँड.) वाक्य मला इतकं आवडलं होतं की दोघातिघांना ऐकवूनही झालं. पुढे कळलं, ते साफ चुकलं होतं. जॉन्सननं ‘क्रॉस रोड ब्लूज’ दोनदा रेकॉर्ड केलं होतं. मी ऐकत होतो तो पहिला टेक, म्हणजे पहिल्या वेळचं रेकॉर्डिंग. क्रीमचा गिटारवादक एरिक क्लॅप्टन, त्याच्या पिढीला साठच्या दशकात जॉन्सन ज्या एलपीवर भेटला, तिच्यावर होता दुसरा. ते शेवटचं कडवं दुसऱ्या टेकमध्ये नाहीच. जे समोर नव्हतं ते क्रीम गाळणार कुठून?

तेव्हापासून कव्हर्स, म्हणजे एकाच्या गाण्याची दुसऱ्यांनी केलेली रूपं, ऐकायची माझी रीत बदलली. ‘कुणाचं जास्त चांगलं’ हा प्रश्न मी शेवटाला ठेवतो, आणि बऱ्याचदा तिथवर पोचतच नाही. आधी विचारतो: या माणसानं नेमकं कुठलं रेकॉर्ड ऐकलं होतं? त्याचं उत्तर मिळालं की पुढचं ऐकणं सोपं होतं. खाली हीच रीत एका गाण्यावर पायरीपायरीनं चालवून दाखवली आहे. ब्लूजशी ओळख नसली तरी अडत नाही. टाळी धरता यावी आणि एकच गाणं आठवडाभरात तीस-चाळीस वेळा ऐकायचा कंटाळा नसावा, एवढंच. घरच्यांना मात्र आधी कल्पना देऊन ठेवा.

पायरी १: वंशावळ काढा

गाणं लावायच्या आधी वहीचं एक पान आडवं घ्या. वर मूळ, खाली कव्हर्स आणि मधे रेघा. कुणाचं कुणाकडून आलं हे त्या रेघा सांगतात. हे काम रटाळ वाटतं, पण निम्मा उलगडा इथंच होतो.

आपल्या गाण्याचं मूळ असं. २७ नोव्हेंबर १९३६, टेक्सासमधलं सॅन अँटोनिओ, गंटर हॉटेलची ४१४ क्रमांकाची खोली. मिसिसिपीहून आलेला पंचवीस वर्षांचा रॉबर्ट जॉन्सन एक गिटार घेऊन बसला आणि हे गाणं दोनदा गायला. त्यातला पहिला टेक १९३७ मध्ये व्होकॅलियन कंपनीनं ७८ आरपीएमच्या तबकडीवर काढला. फार खपला नाही. ऑगस्ट १९३८ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, जॉन्सन वारला. मागे त्याची जेमतेम २९ गाणी रेकॉर्ड झालेली होती. १९६१ मध्ये कोलंबियानं ‘किंग ऑफ द डेल्टा ब्लूज सिंगर्स’ हा एलपी काढला. त्यावर पहिलंच गाणं हे होतं, पण त्यांनी दुसरा टेक वापरला. पहिला टेक सहज हाती लागायला १९९० उजाडलं. त्या वर्षी जॉन्सनची सगळी रेकॉर्डिंग्ज एकत्र निघाली.

म्हणजे पानाच्या वरच्या टोकाला चौकट एक नाही, दोन: डावीकडे टेक १ (तबकडी, १९३७), उजवीकडे टेक २ (एलपी, १९६१).

आता कव्हर्स मांडा. ब्लूज गिटारवादक एल्मोर जेम्सनं ‘स्टँडिंग ॲट द क्रॉसरोड्स’ हे त्याचं रूप १९५४ मध्ये फ्लेअर कंपनीसाठी केलं. तेव्हा कोलंबियाचा तो एलपी जन्मालाही आला नव्हता. त्यामुळे त्याची रेघ टेक २ कडे जाऊच शकत नाही, ती डावीकडून उतरणार. क्लॅप्टननं हे गाणं पहिल्यांदा १९६६ मध्ये ‘पॉवरहाउस’ नावाच्या तात्पुरत्या जमवलेल्या चमूबरोबर रेकॉर्ड केलं. त्यात गायला होता स्टीव्ह विनवुड. मग १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या विंटरलँड सभागृहात ‘क्रीम’नं ते वाजवलं आणि त्याच वर्षी ते ‘व्हील्स ऑफ फायर’ या दुहेरी अल्बमवर आलं. या दोघांची रेघ उजवीकडून. (त्या अल्बमच्या थेट मैफलीच्या तबकडीवर फिलमोर या दुसऱ्या सभागृहाचं नाव छापलं होतं, पण हे गाणं फिलमोरमधलं नाही. वेष्टनावरची माहिती हा पुरावा असतोच असं नाही.) क्रीमच्या खाली लिनर्ड स्किनर्ड हा अमेरिकन रॉक बँड. त्यांचं १९७६ चं अटलांटाच्या फॉक्स थिएटरमधलं रूप सरळसरळ क्रीमच्या मांडणीवर उभं आहे. ते जॉन्सनचा नातू म्हणायचं, मुलगा नव्हे. त्याची जॉन्सनशी थेट तुलना करून ‘यात मूळची धग नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

यादी इथंच थांबवा. या गाण्याची कव्हर्स ढिगानं आहेत, आणि दहा-पंधरा एकदम घेतली की कान बधिर होतो. पहिल्या खेपेला चार पुरेत: जॉन्सनचे दोन्ही टेक, एल्मोर जेम्स, क्रीम. बाकीची वंशावळीत नुसती टिपून ठेवा.

पायरी २: आवाज सारखा करा

छोटी पायरी आहे, पण ही चुकली तर पुढचं सगळं वाकडं होतं. जे मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. १९३६ ची खरखरीत तबकडी आणि १९६८ ची भरगच्च टेप एकाच बटणावर ऐकली तर क्रीम दर वेळी जिंकणार, आणि त्यात क्रीमचं कर्तृत्व नसेल. ॲपमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणायची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर प्रत्येक गाण्याला हातानं आवाज जुळवा. जॉन्सन ऐकताना थोडा वाढवावा लागेल. खरखर वाढेल, तिची पाच मिनिटांत सवय होते. हेडफोन असावा, महागडा नसला तरी चालतो.

पायरी ३: नुसती लय

पहिल्या फेरीत शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही. पायानं ठेका धरा आणि मिनिटाला किती ठोके पडतात ते मोजा. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं तरी होतं. जॉन्सनचा टेक १ साधारण १०६ च्या आसपास आहे, टेक २ सावकाश, ९६ च्या आसपास. त्याच खोलीत, तोच माणूस, तेच गाणं, आणि लय दहा ठोक्यांनी खाली. क्रीम १३० ते १४० च्या मधे कुठंतरी धावतं.

आकड्यापेक्षा महत्त्वाचं आहे ठोक्याच्या पोटात काय चाललंय ते. यासाठी माझ्याकडे एक घरगुती चाचणी आहे. एका ठोक्यात ‘मोरया’ म्हणून बघा: मो-र-या, तीन समान तुकडे. मग एका ठोक्यात ‘बाप्पा’: दोन समान तुकडे. एल्मोर जेम्सच्या ठोक्यात ‘मोरया’ चपखल बसतं. त्याचा सगळा डोलारा त्या तिहेरी झोक्यावर आहे. क्रीमच्या गिटार-बासवर ‘मोरया’ म्हणायला गेलात तर जीभ अडखळेल, तिथं ‘बाप्पा बाप्पा’ धडधडत जातं. ब्लूजचा झोका काढून त्याचा रॉक केला म्हणतात, त्यातला मोठा भाग हा इतका साधा आहे.

आणि जॉन्सन? तो एकटाच असल्यामुळे त्याला कुणाला धरून राहायचं नाही. कधी मोरया, कधी बाप्पा, काही वेळा एका दमात दोन्ही. एका ओळीवर थांबा, ती आठ-दहा वेळा फिरवा, दोन्ही शब्द म्हणून बघा. यूट्यूबवर वेग ०.७५ केला की हे जास्त स्वच्छ ऐकू येतं.

पायरी ४: मात्रा मोजा

आता खरी गंमत. ब्लूजचा सगळ्यांत रूढ साचा बारा बारचा. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे कडव्याच्या ४८. तीनतालाची तीन आवर्तनं म्हणा की. कडव्यात ओळी तीन: पहिली ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी तिला उत्तर देणारी. प्रत्येक ओळीला चार बार, सोळा मात्रा, एक आवर्तन. आवर्तनाच्या पूर्वार्धात साधारण शब्द येतात, उरलेल्यात गिटार बोलते. म्हणजे गायक म्हणतो आणि वाद्य ‘हूं’ म्हणतं.

सुरांचा पायाही मराठी कानाला सहज सापडतो. पहिली ओळ मुख्यतः ‘सा’ च्या घरात. दुसरी ओळ शब्दानं तीच, पण खालची जमीन ‘म’ वर सरकते आणि मग ‘सा’ वर परत येते. तिसरी ‘प’ वरून सुरू होते आणि उतरत घरी येते. काही वादक पहिल्याच ओळीत मधेच ‘म’ ला शिवून येतात. हे ऐकायला हार्मोनियम लागत नाही, फक्त बासकडे कान द्या. क्रीममध्ये जॅक ब्रूसचा बास इतका पुढे आहे की जमीन सरकताना अंगावर येते.

क्रीमपासून मोजायला सुरुवात करा. बोटांच्या पेरांवर तीनताल धरा, पहिल्या ओळीच्या समेवर टाळी द्या. कडव्यामागून कडवं ४८ मात्रांत चोख बसतं. मधल्या लांब सोलोतही, म्हणजे गिटार एकटी पुढे येते तिथंही, साचा तोच फिरत असतो, फक्त शब्द नसल्यानं आपण हरवतो. तिथं मोजत राहणं हा खरा व्यायाम. तुम्ही हरवलात तर वाईट वाटून घेऊ नका. क्लॅप्टननंच पुढे एका मुलाखतीत सांगितलंय की हे रेकॉर्डिंग त्याला फारसं आवडत नाही, आणि सोलोत कुठंतरी आपण सगळे ठोका चुकलो होतो अशी त्याला शंका आहे. अर्ध्या जगाला जो सोलो पाठ आहे, त्यात वाजवणाऱ्यालाच सम सापडत नव्हती.

आता जॉन्सनवर तेच करा. माझ्या एका तबलजी मित्राला मी हे काहीही न सांगता ऐकवलं. पहिल्या कडव्यात तो मजेत मान डोलावत होता, दुसऱ्यात भुवई चढली, तिसऱ्याला त्यानं हात मांडीवरून उचलला आणि म्हणाला, ‘‘हा माणूस मोजतच नाहीये रे.’’ मोजतो, पण आपलं मोजतो. त्याची कडवी बारा बारची नाहीत, चौदा-पंधरा बारची आहेत, आणि सगळी सारख्या लांबीचीही नाहीत. ओळ संपल्यावर गिटारला आणखी बोलायचं असेल तर तो तिला बोलू देतो आणि मग श्वास घेऊन पुढच्या ओळीवर येतो. ‘म’ आणि ‘प’ ची घरंही तो पूर्ण उघडून दाखवत नाही, दारावर नुसती टिचकी मारतो. बाकीचं आपण मनात भरतो.

हे वहीत उतरवायची पद्धत: प्रत्येक ओळीपुढे तिच्या मात्रा लिहा. क्रीमच्या पानावर १६, १६, १६ अशी शिस्तीची रांग दिसेल. जॉन्सनच्या पानावर खाडाखोड होईल. ती खोडू नका. तुमची एखादी मात्रा इकडेतिकडे होईल, त्यानं काही बिघडत नाही. कुठल्या ओळीनंतर तो रेंगाळतो, तेवढं कळलं की बास.

तिघाचौघांनी एकत्र वाजवायचं तर साचा पक्का हवाच, नाहीतर ड्रमवाला एकीकडे आणि बासवाला दुसरीकडे. म्हणून एल्मोरनं आणि क्रीमनं गाणं चौकटीत बसवलं यात त्यांचा अरसिकपणा शोधू नये. उलट बँड असूनही कुणी जॉन्सनसारखं रेंगाळत असेल तर त्या कव्हरला वहीत चांदणी द्या. मुंबईकरांसाठी एक जोड: वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरत आलाय, पहिल्याच वर्षी ब्लूज गिटारवादक बडी गाय येऊन गेला. तशा मैफलीत शेवटी सगळे कलाकार एकत्र चढतात आणि ऐन वेळी एखादं जुनं गाणं काढतात. तालीम नसताना ते कोसळत कसं नाही? सगळ्यांच्या पोटात हे ४८ मात्रांचं घड्याळ चालू असतं म्हणून. प्रेक्षकांत बसून मोजून बघा.

पायरी ५: शब्द, आणि त्यातली नावं

या फेरीला एक अख्खी संध्याकाळ ठेवा. प्रत्येक रूपाचे शब्द स्वतः ऐकून लिहून काढा. नेटवर मिळणारे शब्द बरेचदा दोन टेक एकमेकांत कालवून दिलेले असतात, आणि आपला सगळा तपास तर त्या फरकावरच उभा आहे.

गाण्यात घडतं ते थोडं. एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. जाणाऱ्या गाड्यांना हात दाखवतो, कुणी थांबत नाही, कुणी ओळख दाखवत नाही. सूर्य मावळायला लागतो. माझ्या मित्राला, विली ब्राऊनला, जाऊन सांगा की मी बुडत चाललोय, असा तो निरोप देतो. टेक १ मध्ये याच्याही पुढे एक कडवं आहे: तो पूर्वेला बघतो, पश्चिमेला बघतो, या वेळी जवळ असावी अशी बाई कुठंच नाही. माझ्या ऐटदार वाक्यातलं ‘गाळलेलं कडवं’ ते हेच.

आता नावं शोधा. जॉन्सन देवाला ‘मला वाचव’ म्हणत नाही, ‘पुअर बॉब’ला वाचव म्हणतो. बॉब म्हणजे रॉबर्ट, तो स्वतःच. मराठी माणसाला याची फोड करून सांगायला नको. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ऐकत आपण मोठे झालो. ही नाममुद्रा आहे. फरक असा की आपण अभंग गाताना तुकोबांचं नाव तिथंच ठेवतो, गाणारा कितीही मोठा असो. ब्लूजमधला रिवाज वेगळा आहे, आणि तो एल्मोर जेम्सकडे दिसतो.

टेक १ मध्ये मावळत्या सूर्याच्या कडव्यातही नाममुद्रा आहे: पुअर बॉब बुडतोय. टेक २ मध्ये त्या जागी दुसरी ओळ आहे, अंधार मला इथंच गाठणार अशी. एल्मोरचं ऐका. त्याच्या गाण्यात देव आणि गाड्या मागे पडल्यात, तो चौरस्त्यावर उभा आहे कारण त्याची प्रेयसी जवळ नाही. पण ओळ येते ती अशी की पुअर एल्मोर बुडतोय की काय! फक्त नाव बदललंय, बाकी साचा टेक १ चा. आपण पायरी १ मध्ये साल पाहून जी रेघ डावीकडून काढली, तिला शब्दांनी दुजोरा दिला.

क्रीमकडे या. विली ब्राऊनच्या निरोपाची शेवटची ओळ दोन टेकमध्ये वेगळी आहे. पहिल्यात तो ‘आज सकाळी मला चौरस्त्याचा ब्लूज लागलाय’ असं सांगतो, दुसऱ्यात ‘मी चौरस्त्यावर उभा आहे, बहुतेक बुडतोय’ असं. क्लॅप्टन गातो ती दुसरी. बोटांचे ठसे जुळले.

आणि नाममुद्रा? क्लॅप्टन गुडघे टेकतो, देवाची करुणा भाकतो, पण ‘पुअर बॉब’ म्हणत नाही आणि ‘पुअर एरिक’ही म्हणत नाही. तो नुसतं ‘मला वाचव’ म्हणतो. बॉबचं नाव काढलं, स्वतःचं घातलं नाही. मात्र विली ब्राऊन तसाच ठेवला. हा विली ब्राऊन खरा माणूस होता, चार्ली पॅटन आणि सन हाउस यांच्याबरोबर वाजवणारा, मिसिसिपीच्या डेल्टा भागातला गिटारवादक. जॉन्सन त्याला हाक मारतो तेव्हा ओळखीच्या माणसाला निरोप धाडतो. १९६८ च्या सॅन फ्रान्सिस्कोत, इंग्लंडहून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराच्या तोंडी ते नाव आलं की ते दंतकथेतलं पात्र होतं. मला यात क्लॅप्टनचा संकोच दिसतो. एल्मोर त्याच मातीतला, त्यानं हक्कानं पाटी बदलली. क्लॅप्टनला पाटीवर स्वतःचं नाव लिहायचं धाडस झालं नसावं. हा माझा तर्क, तुम्हाला वेगळं वाटू शकतं.

आता खरी गळती बघा, टेक २ ला धरून. क्रीमनं गाळलं ते मावळत्या सूर्याचं कडवं. ते एलपीवर होतं, कानावर पडलेलं होतं, तरी घेतलं नाही. त्याच्या जागी आली रोझडेल गावाला जायची, शेजारी सोबतीण घेऊन नदीकाठी मजा करायची ओळ, तीही दोनदा. ती जॉन्सनचीच, पण दुसऱ्या गाण्यातली, ‘ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज’मधली. ते गाणं त्यानं जून १९३७ मध्ये डॅलसमध्ये रेकॉर्ड केलं होतं आणि बाहेर आलं थेट १९६१ च्या त्याच एलपीवर. क्लॅप्टननं ही सांधेजोड १९६६ पासूनच केलेली.

या अदलाबदलीनं काय झालं ते समजायला इतिहास थोडा माहीत हवा. १९३० च्या दशकातलं मिसिसिपी वंशभेदाच्या कायद्यांखाली होतं. दिवेलागणीनंतर परक्या गावाच्या वेशीवर एकटा सापडलेला काळा माणूस म्हणजे अटक, मार, आणि त्याहून भयंकर गोष्टींचं सावज. हात दाखवून गाडी न मिळणं ही तिथं नुसती गैरसोय नव्हे. अनेक अभ्यासक हे गाणं त्या भीतीचं गाणं म्हणून वाचतात, आणि ते पटतं, कारण शब्दांत सूर्य आहे, अंधार आहे, ओळख न दाखवणारे लोक आहेत. ते कडवं काढून तिथं सोबतिणीबरोबरची सहल घातली की चौरस्ता उजळून निघतो. माणूस बुडतोय म्हणतो खरा, पण गाडीत बसलाय! क्रीमचं रूप मला अजूनही अंगात वारं भरल्यासारखं वाटतं. पण ते दुसऱ्या दिवसाच्या प्रवासाचं गाणं आहे.

पायरी ६: वाद्यं आणि यंत्र

इथं फार खोलात शिरायची गरज नाही, तीन खुणा पुरतात.

पहिली, बोटात घातलेली नळी. जॉन्सन काही जागा बोटांनी दाबून वाजवतो आणि काही स्लाइडनं, म्हणजे तारेवर नळी घासत. मींड आपल्या कानाला नवी नाही. गाताना जिथं आवाज चिरतो, तिथंच नळी त्याच्याबरोबर जाते का ते बघा.

दुसरी, एल्मोरची सुरुवात. जिनं त्याला ओळखतात ती तारस्वरातली थरथरती स्लाइड मुळात जॉन्सनच्या दुसऱ्या गाण्यातून आली, ‘आय बिलीव्ह आय विल डस्ट माय ब्रूम’. जॉन्सन ते बोटांनी वाजवायचा. एल्मोरनं १९५१ मध्ये विजेच्या गिटारीवर स्लाइडनं वाजवलं आणि ते त्याचंच होऊन गेलं. मग चौरस्त्याच्या गाण्यालाही त्यानं तेच तोंड लावलं. म्हणजे दोघांनीही जॉन्सनच्या एका गाण्याला दुसऱ्याचा तुकडा जोडला: एल्मोरनं गिटारीचा, क्लॅप्टननं शब्दांचा.

तिसरी, यंत्राची मर्यादा. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं. जॉन्सनला लांब सोलोची चैन परवडणारी नव्हती, त्याचे दोन्ही टेक त्या आतच संपतात. क्रीमला मैफल, टेप आणि दुहेरी एलपी. तरीही त्यांचं हे गाणं चार मिनिटांच्या थोडं पुढे जाऊन थांबतं. त्याच अल्बमवरची त्यांची इतर थेट गाणी कितीतरी लांबण लावतात, त्यापुढे हे आटोपशीर आहे. माझ्या मते ते टिकलं याचं एक कारण हे.

पट्टीवरून मात्र निष्कर्ष काढू नका. क्रीम ए मध्ये आहे, जॉन्सन ऐकताना बी च्या आसपास वाटतो, पण जुन्या तबकडीवरून उतरवून घेताना वेग जरा हलला की पट्टी सरकते.

पायरी ७: सैतानाची गोष्ट सगळ्यांत शेवटी

या गाण्याचं नाव काढलं की कुणीतरी सांगतंच: जॉन्सननं मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि गिटारीची कला मिळवली. आपल्याकडे तिकटीवर उतारा टाकलेला दिसला की पाऊल आपोआप वळून जातं, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला पटकन पटते. पण तुम्ही आत्ताच दोन्ही टेकचे शब्द लिहून काढलेत. त्यात सैतान दाखवा. नाही. देव आहे, तोही करुणा भाकण्यापुरता. सैतान जॉन्सनच्या इतर गाण्यांत आहे, या गाण्यात नाही. आणि चौरस्त्यावरच्या सौद्याची कथा आधी टॉमी जॉन्सन नावाच्या वेगळ्याच गायकाबद्दल, त्याच्या भावाच्या तोंडून, सांगितली गेलेली आहे. आडनाव सारखं, नातं नाही. आज मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलमध्ये ६१ आणि ४९ क्रमांकाच्या महामार्गांची खूण म्हणून गिटारी उभारल्यात, पर्यटक तिथं फोटो काढतात.

ही गोष्ट आधी वाचली की गाण्यात भुतं दिसतात आणि सूर्य दिसेनासा होतो. म्हणून शेवटी.

पायरी ८: गिटारवादक तोच, सोबती वेगळे

वेळ उरला तर ही फेरी करा. क्लॅप्टनचीच तीन रूपं घ्या: १९६६ चं पॉवरहाउस, १९६८ चं क्रीम, आणि १९७० मध्ये ‘डेरेक अँड द डॉमिनोज’बरोबर फिलमोर ईस्टला वाजवलेलं. शब्द जवळपास तेच, बांधणीही ओळखीची, म्हणून जो फरक ऐकू येईल तो सोबत्यांचा. क्रीममध्ये जिंजर बेकरचे ड्रम क्लॅप्टनला ढकलत नेतात. डॉमिनोजमध्ये गाणं सैल होतं, खांदे पडतात, गायकाला शब्दाशी थांबायला फुरसत मिळते. मला गाणं म्हणून हे तिसरं जास्त आवडतं. हे बोलून मी काही मित्र गमावलेत.

ही वही एका गाण्यापुरती भरली की दुसरं घ्या. माझी शिफारस ‘हाउंड डॉग’. लीबर आणि स्टोलर या जोडीनं ते बिग मामा थॉर्नटनसाठी लिहिलं. तिनं १९५२ मध्ये रेकॉर्ड केलं, १९५३ मध्ये ते गाजलं. एल्विस प्रेस्लीचं १९५६ चं. दोन्ही एकामागून एक लावलीत तर एल्विसनं थॉर्नटनच्या गाण्याची वाट लावली, असं वहीत लिहावंसं वाटेल. हात आवरा, आधी वंशावळ काढा. एल्विसनं आपलं रूप उचललं ते लास वेगासमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज हे गाणं वाजवताना ऐकून. थॉर्नटनच्या गाण्यातला कुत्रा म्हणजे तिच्या जिवावर जगू पाहणारा आयतोबा पुरुष. बेलच्या रूपात सशाची ओळ घुसली आणि कुत्रा चार पायांचा झाला. तेव्हा तिसरं रेकॉर्ड शोधा, बेलचं, आणि दोघांच्या मधे ठेवून ऐका.